श्रीरंगाचं पुढं काय झालं

"भाऊ, त्या श्रीरंगाचं पुढं काय झालं?"

शेजारच्या दुर्गाबाईंनी परसातल्या भिंतीवरून हा प्रश्न विचारला तेव्हा मी तुरीची डाळ धूत होतो. माझी बायको उमा जाऊन तेव्हा सहा महिने होत आले होते आणि डाळ किती वेळा धुवायची हे मला अजून ठरवता आलेलं नव्हतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावी तर डाळच कमी होत जाते, असा माझा अनुभव होता.

"कोण श्रीरंग?" मी विचारलं.

"आता घ्या. वैनीचा श्रीरंग."

मी निजामाच्या राज्यात, जालन्याच्या तहसील कचेरीत कारकून आहे; थंड डोक्याचा अहलकार अशी तिथं माझी ओळख आहे. माझ्या समोर भाऊबंद बांधाच्या वादावरून एकमेकांच्या पागोट्याला हात घालतात आणि मी खाली मान घालून नक्कल पुरी करतो. पण 'वैनीचा श्रीरंग' हे शब्द ऐकले आणि माझ्या हातातलं पातेलं कलंडलं. अर्धी डाळ मोरीत गेली.

"लई हाल काढले बिचाऱ्यानं," दुर्गाबाई सांगू लागल्या. "दोन दोन दिस उपाशी. थंडीचं अंगावर घ्यायला न्हाई. एक डाव तर सांगता सांगता वैनी रडल्त्या. तुमाला कधी बोलल्या न्हाईत?"

"नाही."

"बिलकुल न्हाई?"

"नाही म्हटलं ना."

"मंग जाऊ द्या," असं म्हणून दुर्गाबाईंचं डोकं भिंतीखाली गेलं. ते इतक्या घाईनं गेलं की नवऱ्याशी बोलू नये ते आपण बोलून बसलो हे त्यांना कळलेलं मला कळलं.

पुढचे काही दिवस मी ओळखीतले सगळे श्रीरंग आठवून काढले. कचेरीत श्रीरंग नाही. उमाच्या माहेरी, वऱ्हाडात चिखलीला, एक श्रीरंगपंत होते, पण ते तिच्या लग्नाआधीच दात पडून बसले होते. बदनापूरच्या स्टेशनात तिकिटाच्या खिडकीवर एक श्रीरंग बसतो आणि तो दिसायला बरा आहे. चिखलीची वाट आणि बदनापूरची वाट या दोन अगदी उलट दिशा आहेत, तरी सुट्टीच्या शुक्रवारी मी आगगाडीनं बदनापूरला जाऊन त्याला पाहून आलो. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. दोषी माणूस असाच वागतो. परत येताना मात्र मला वाटलं, की कामात असलेला माणूसही असाच वागतो, आणि मी सरळ दुर्गाबाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो.

सगळं ऐकून त्यांनी तोंडाला पदर लावला. त्या बराच वेळ हसल्या.

"अवो भाऊ, पुस्तकातला मानूस हाये त्यो."

आमच्या ओट्यावर दुपारी गल्लीतल्या बायका वाकळा शिवायला बसत, हे मला माहीत होतं. चिंध्या कुणाच्या आणि वाकळ कुणाची यावरून त्यांचं थोडं वाजायचं, तेही माहीत होतं. पण उमा शिवता शिवता त्यांना कादंबरी सांगायची, हे मला माहीत नव्हतं. ती मराठी शाळेत शिकलेली, छापील बालबोध झरझर वाचायची. सकाळी मी कचेरीत गेलो की चार पानं वाचून ठेवायची आणि दुपारी तोंडी सांगायची. संध्याकाळी मी गल्लीत दिसलो की बायका उठायच्या. घरधनी आला म्हणून अदबीनं उठतात, असं मी समजत होतो. त्या श्रीरंगाला वाकळेत गुंडाळून उठत होत्या.

हा श्रीरंग चित्रकार होता. शहरात एका खोलीत राहायचा, चित्रं काढायचा, ती कुणी घ्यायचं नाही, आणि जगात त्याचं कुणाशी पटायचं नाही. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या तुळजाबाई म्हणजे आमच्या सगळ्यांपेक्षा वडील. त्यांनी तर त्याचा खोकला बरा व्हावा म्हणून देवीला खण बोलला होता. मागच्या पावसाळ्यात मी महिनाभर खोकलो. मला कुणी खण बोललं नाही.

पुस्तकातला माणूस म्हटल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. दुर्गाबाईंनाही तसंच वाटलं असणार. पण विचार करा. खरा माणूस असता तर त्याचं कधी तरी पोट सुटलं असतं, तो चार लोकांत मूर्खासारखं बोलला असता आणि उमालाच त्याचा कंटाळा आला असता. पुस्तकातल्या माणसाला टक्कलसुद्धा पडत नाही. अशा माणसासाठी ती रडली. संध्याकाळी मला काय सांगायची? रॉकेल संपलंय. गाय लाथ मारायला लागलीय. मी बराबर ऐकायचो, रॉकेल आणायचो. श्रीरंगाचं नाव तिनं माझ्यासमोर एकदाही काढलं नाही. त्या माणसात असं काय होतं, एवढं मला पाहायचं होतं. ते पाहिल्याशिवाय मला दुसरं काही सुचणार नव्हतं.

त्या पुस्तकाचं नाव मी इथं देत नाही. ते आता पुष्कळ नावाजलेलं आहे. मी नाव दिलं तर आणखी चार लोक ते वाचतील आणि श्रीरंगाचं आणखी चार घरांत कौतुक होईल. तेवढं काम माझ्या हातून व्हायला नको. मुखपृष्ठावर 'एका कलावंताची कहाणी' अशी बारीक ओळ होती एवढंच सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला.

पुस्तक चिखलीच्या वाचनालयाचं होतं आणि उमा गेल्यावर तिचा भाऊ वामन ते परत घेऊन गेला होता. मी वामनला लिहिलं. त्यानं ते पुन्हा स्वतःच्या नावावर घेतलं आणि कडूबा गाडीवान सरकीची पोती घेऊन जालन्याला येत होता, त्याच्याजवळ दिलं. देताना म्हणाला, "कलावंताचं पुस्तक आहे, जपून ने." वामन माझ्यासारखा नाही, त्याला सवयीनं एक शब्द जास्त बोलायला लागतो.

वऱ्हाडातून आमच्या निजामाच्या राज्यात काहीही आणा, हद्दीवरच्या नाक्यावर ते लिहून घेतात. नाक्यावरच्या मुन्शीनं कडूबाला विचारलं, पोत्यांवर काय आहे? कडूबानं वामनचे शब्द जपून आणले होते. तो म्हणाला, "पुस्तक हाये. कलावंत." मुन्शीनं उर्दूत लिहिलं, 'किताब एक, कलावंत एक', म्हणजे एकूण दोन अदद, दोन नग. मग गाडी तपासायला वरचा माणूस आला. त्यानं पोती मोजली, पुस्तक मोजलं, आणि कलावंत मोजायला गेला तर कलावंत नव्हता. पोती सुटली. पुस्तक अडकलं.

कडूबाला हळू बोलता येत नाही. जन्मभर बैलांशी बोलल्यामुळे त्याचा आवाज वेशीपर्यंत जातो. तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून तिथूनच सांगू लागला.

"मार्तंडभाऊ, तुमचा कलावंत नाक्यावर घोळात पडला. दोन अदद लिहिले, एकच निघाला. वाटंत कुठं उतरवला म्हनून मलाच विचारून राह्यले. तुमी या म्हनले, तवाच सोडतेत."

आता आमच्याकडे कलावंत हा शब्द कुणी चित्रकाराला वापरत नाही. कलावंत म्हटलं की गाणं-बजावणं, आणि गाणं-बजावणं म्हटलं की कलावंतीण. गल्लीच्या या टोकाला कडूबा 'कलावंत' म्हणाला, तो त्या टोकाला पोचेपर्यंत तिच्या पायात घुंगरू होते.

संध्याकाळी रामराव आले. रामराव माझ्या उजव्या हाताला राहतात. पूर्वी ते पोस्टात होते. आता ते सल्ला देतात. त्या दिवशी ते टोपी घालून आले, म्हणजे सल्ला मोठा होता. चहाला नको म्हणाले.

"मार्तंडराव, वर्षश्राद्ध तरी होऊ द्यायचं होतं."

"कशाच्या आधी?"

"मला बोलायला लावू नका. माणूस एकटा पडतो, मी समजू शकतो. माझ्या मेहुणीची नणंद आहे, थोडी तिरळी आहे, पण स्वयंपाक उत्तम. मला एक शब्द टाकायचा. हे असं बाहेरून गाडीत घालून आणणं तुम्हाला शोभतं का?"

"रामराव, ती कलावंतीण नाही. तो कलावंत आहे."

रामरावांनी यावर विचार केला. "म्हणजे पुरुष?"

"पुरुष."

त्यांचा चेहरा आधीपेक्षा वाईट झाला.

"तो पुस्तकात आहे हो," मी म्हणालो.

"मग नाक्यावर कोण आहे?"

"पुस्तक."

"आणि कलावंत?"

"तो आत."

"आत म्हणजे त्यांनी त्याला आत टाकला?" रामराव उठलेच. "या भानगडीत माझं नाव येऊ देऊ नका. मी पेन्शनवाला माणूस आहे."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत रजा मागितली. आमचे पेशकार साहेब एरवी रजेचं कारण तीन वेळा विचारतात. त्या दिवशी एकदाही विचारलं नाही. "जाइए, ले आइए," एवढंच म्हणाले, आणि बाजूच्या टेबलावरचे दोघे खाली वाकून पडलेली टाचणी शोधू लागले. दोघेही एकच टाचणी शोधत होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या चारित्र्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि आता ते ठेवलं जात होतं ते अशा माणसामुळे, की जो माझ्या बायकोला रडवून नामानिराळा राहिला होता.

नाक्यावरचा मुन्शी सज्जन माणूस निघाला. त्यानं मला बसायला बाज दिली. पुस्तक त्याच्या मागच्या फळीवर ठेवलेलं होतं. मी ते प्रथम तिथं पाहिलं. एवढंसं होतं.

"दूसरा अदद कहाँ है?" त्यानं विचारलं.

"किताब में है, मुन्शीजी."

"किताब मैंने खुद झटक के देखी. कोई नहीं निकला."

"म्हणजे तो खरा माणूस नाही. लिहिणाऱ्यानं मनानं केलेला आहे."

"तो दरखास्त में वैसा लिख दो."

माझं सगळं शिक्षण उर्दूत झालं. दरखास्त लिहिण्यात माझा हात धरणारा कचेरीत कुणी नाही. मी चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं, की सदर कलावंत फर्जी आहे. फर्जी म्हणजे कल्पनेतला. पण फर्जी म्हणजे बनावटही. मुन्शीनं ते वाचलं आणि हातातली कलम खाली ठेवली.

"फर्जी? फर्जी माल हद्द से लाते हो?"

इतका वेळ नुसतं एक अदद कमी होतं. आता बनावट माल आणल्याचा मी स्वतःच्या सहीनं कबुलीजबाब दिला होता. मी खूप समजावलं. त्यानंही समजून घ्यायचा प्रयत्न केला. तो गातो का? नाही. वाजवतो? नाही. चित्र काढतो. मग मुसव्विर म्हणायचं, कलावंत का म्हणता? हा प्रश्न खरा लेखकाला विचारायला हवा होता. त्याची चित्रं कुठं आहेत? तीही फर्जी. मुन्शीनं कपाळाला हात लावला. बाहेर चार गाड्या खोळंबल्या होत्या आणि एका गाडीतली बकरी सारखी ओरडत होती. तिच्याकडे पाहता पाहता मुन्शीचा चेहरा उजळला.

"बकरी रास्ते में मर जाए तो हम फौत लिखते हैं," तो म्हणाला. "अदद बराबर हो जाता है."

त्यानं लिहिलं, 'कलावंत एक, रास्ते में फौत', आणि माझ्यापुढे सरकवलं. मी सही केली. खोटं कशाला सांगू, फार आनंदानं केली. ज्याला कधी गाठता येणार नव्हतं त्याला मी सरकारी कागदावर मारला होता. मग शाई वाळेपर्यंत त्या शब्दाकडे पाहत बसलो. फौत या शब्दाखाली सहा महिन्यांपूर्वी मी एक सही केली होती. त्या वेळी हात चालत नव्हता म्हणून शिरस्तेदारांनी मनगट धरलं होतं.

पुस्तक घेऊन घरी आलो. आता त्याच्याविषयी माझं मत सांगतो.

मला बालबोध छापील वाचायला वेळ लागतो, तरी पहिल्या दिवशी बरीच मजल मारली. पहिल्या पानावर श्रीरंग खिडकीशी उभा आहे. सातव्या पानावरही तो खिडकीशीच उभा आहे. मधल्या पानांत संध्याकाळ होते. पुढं त्याला एका छापखान्यात नोकरी लागते. ती तो सोडतो. का, तर साहेब खेकसला. आमचे साहेब माझ्यावर दर आठवड्याला खेकसतात. मी एक तरी चित्र काढलं का? घरमालकीण त्याला जेवायला हाक मारते. तो 'भूक नाही' म्हणतो आणि खोलीत जाऊन उपाशी पडतो, आणि मग भुकेचं वर्णन सुरू होतं ते संपत नाही. अरे, ती बोलावत होती ना? आपलं चित्र तो कुणाला दाखवत नाही, भिंतीकडे तोंड करून ठेवतो, आणि जग आपल्या चित्राकडे पाहत नाही म्हणून तळमळतो. कोट विकून रंग आणतो आणि मग थंडीनं कुडकुडतो. हे सगळं उमाला आवडलं. मी एकदा पावसात छत्री विसरून कचेरीतून भिजत आलो, तर मला म्हणाली होती, "अक्कल कुठं ठेवली होती?"

त्याची बोटं लांबसडक आहेत. हे पुस्तकात तीन ठिकाणी आलं आहे, एकदा सांगून लेखकाचं भागलं नाही. मी माझी बोटं उजेडात धरून पाहिली. आखूड आहेत, आणि मधल्या बोटाला कलमेचं घट्टं आहे.

एक पान मात्र मला सोडता येईना. श्रीरंगाची आई गेल्याची तार येते. तो तार वाचतो, खिशात घालतो आणि ब्रश धुवायला बसतो. ब्रश धुऊन होतो, तरी तो धुतच राहतो. पाणी कधीचं स्वच्छ येतं आहे, तरी धुतो. ते पान मी परत वाचलं. ते खरं आहे. ज्यानं लिहिलं त्याला हे माहीत होतं. मला ते कबूल करायला फार जड गेलं आणि त्या दिवशी मी पुस्तक पालथं घालून ठेवलं.

नंतर काही दिवस मी श्रीरंगासारखं वागून पाहिलं. त्यात काय लागतं, हे मला बघायचं होतं. संध्याकाळी कचेरीतून आलो की खिडकीशी उभा राहायचो. आमच्या खिडकीसमोर रामरावांची मोरी आहे. तिसऱ्या दिवशी रामरावांनी माझ्यासाठी काढा पाठवला आणि मोरीवर गोणपाट लावून घेतलं. मग मी चित्र काढायला घेतलं. परसात दुर्गाबाईंची शेळी बांधलेली असते, तिचं काढलं. दुर्गाबाईंनी भिंतीवरून वाकून ते बराच वेळ पाहिलं.

"कोंबडी बेस काढली भाऊ," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पर तुमी वाचून राह्यले ना ते? मंग आमालाबी सांगा. आमचं अर्ध्यावर ऱ्हायलं."

तोवर मी पुस्तक पुरं वाचलं होतं. शेवटी श्रीरंग आपली सगळी चित्रं जाळतो, खोलीला कुलूप घालतो आणि एकटाच निघून जातो. कुठं जातो ते लेखकालाही माहीत नाही. मला तो शेवट पसंत होता. तुळजाबाईंचा खण, दुर्गाबाईंची हळहळ, या सगळ्यांसमोर आपण हा शेवट खणखणीत वाचावा आणि या माणसाचा गल्लीतला मुक्काम एकदाचा हलवावा, असं माझ्या मनात आलं. मी म्हणालो, येत्या शुक्रवारी या.

रामरावांचा सल्ला पडला, की चार माणसं जमवून काही वाचायचं तर वरून परवानगी लागते, दिवस वाईट आहेत. मी म्हणालो, माणसं नाहीत, बायका आहेत आणि वाकळ शिवणार आहेत. त्यावर त्यांनी असा तोडगा काढला, की देखरेखीला ते स्वतः बसतील. ते पान लावून, खांबाला टेकून, सगळ्यात पुढं बसले.

बायकांनी वाकळ पसरली. चारी बाजूंनी सुया लागल्या. मी घसा साफ केला.

"कुठपर्यंत सांगितलं होतं?"

"पयलं हे सांग मार्तंडा," तुळजाबाई म्हणाल्या, "त्याचा खोकला ऱ्हायला का?"

पुस्तकात खोकल्याचा उल्लेख पुन्हा येत नाही. लेखक विसरला असावा. "थांबला," मी म्हणालो.

"मंग खण द्यावा लागंल," तुळजाबाई समाधानानं म्हणाल्या.

"त्याची बायको माहेरी गेल्ती," दुर्गाबाई म्हणाल्या. "तितपर्यंत झाल्तं."

"कुणाची बायको?"

"श्रीरंगाची."

मी पुस्तक चाळलं. चाळायची गरज नव्हती. मला ते आता पाठ होतं. त्यात घरमालकीण आहे, आई आहे, एक दूधवाली आहे. बायको नाही.

"त्याचं लग्न झालेलं नाही," मी म्हणालो.

बायकांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"असं कसं भाऊ? लगीन झाल्यालं हाये त्याचं. रंगवायला कापड न्हाई म्हनून त्यानं तिच्या ठेवनीतल्या लुगड्यावर चित्र काढलं, न्हाई का? मोराचं. अन ती म्हनली, आता हा मोर नेसून मी हळदी-कुंकवाला कशी जाऊ? त्याच्या त्वांडावर रंगाचा डबा पालथा केला अन गेली निघून भावाकडं. ते सांगताना वैनी अशा हसल्त्या, अशा हसल्त्या, त्यायला सुई खाली ठेवावी लागली."

"वाकळंला गाठ पडल्ती," तुळजाबाई म्हणाल्या. "ही काय अजून हाये."

"नाव काय तिचं?" मी विचारलं.

सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. नाव कधी सांगितलं नव्हतं.

"पर वऱ्हाडातली व्हती," दुर्गाबाई म्हणाल्या. "चिखलीकडची."

मी पुस्तक मांडीवर ठेवलं. म्हणजे माझ्या ओट्यावर, माझ्या गैरहजेरीत, गल्लीतल्या पाच-सहा बायकांच्या साक्षीनं हिनं त्या माणसाशी लग्न लावलं होतं. त्याच्यासाठी रडून हिचं भागलं नाही. ही त्याच्या घरी नांदायला गेली होती, त्याच्याशी भांडली होती आणि पोट धरून हसली होती. मला वाटतं, जगात आजवर कुठल्या नवऱ्याची अशी फसवणूक झाली नसेल, आणि तिची कुठल्या कचेरीत फिर्यादही करता येत नाही.

"मंग?" दुर्गाबाई म्हणाल्या. "गेला का न्हाई तो आनायला?"

सुया थांबल्या होत्या. रामराव पान चघळायचे थांबले होते. मी पुस्तकात पाहिलं. पुस्तकात तो चित्रं जाळत होता.

आणि त्या वेळी मला त्याचा असा हेवा वाटला, की त्यापुढं आधीचे सगळे महिने काहीच नव्हेत. लांब बोटं असू देत, देवीचा खण असू दे. पण या रिकामटेकड्याची बायको चिखलीला भावाच्या घरी रागावून बसली होती. बैल जुंपायचे आणि जायचं. देऊळगावराजाला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी दारात उभं राहायचं. त्याला एवढंच करायचं होतं, आणि हा खोलीत काड्या ओढत बसला होता.

"गेला," मी म्हणालो.

"कवा?"

"दुसऱ्याच दिवशी. दिवस उगवायला."

"रिकाम्या हातानं?"

मी एक पान उलटलं. "नाही. लुगडं घेतलं एक. हिरवं."

"हिरवं?" तुळजाबाईंनी मान हलवली. "हिरवं नगं व्हतं घ्यायला. तिला जांभळं आवडायचं. वैनी बोलल्त्या ना गं?"

"बोलल्त्या," दुर्गाबाई म्हणाल्या.

मला हे माहीत नव्हतं.

"दुकानातून बदलून घेतलं," मी म्हणालो. "जांभळं घेतलं."

"हां. मंग?"

मग तो चिखलीला पोचला. मेहुण्यानं पाय धुवायला पाणी दिलं, हालहवाल विचारली. याला काय बोलावं ते सुचेना. लुगडं मांडीवर घेऊन ओसरीवर बसला. ती बाहेर आली नाही. आतून निरोप आला, की जेवून घ्या. हा निरोप आल्याबरोबर बायका हसल्या, आता जमलं म्हणाल्या, आणि सुया पुन्हा चालू झाल्या.

"बसवा आता तिला गाडीत," रामराव म्हणाले. "माझी पूजेची वेळ होत आली."

मी तिला गाडीत बसवायला तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं, की एकदा ती गाडीत बसली की हे संपलं.

"ती म्हणाली, चार दिवसांनी निघू," मी म्हणालो. "भावाकडे पाहुणे येणार आहेत."

त्याला आता बरेच शुक्रवार झाले. पुस्तक मी कधीच परत पाठवून दिलं. वाकळ पुरी होऊन तुळजाबाईंकडे गेली आणि दुसरी पसरली आहे. भावाकडचे पाहुणे गेले, मग मावशीचं डोहाळजेवण निघालं, मग गाडीचं चाक दुरुस्तीला गेलं. इतके दिवस सासरवाडीला कुणी बसतं का, असं तुळजाबाई दर वेळी म्हणतात. रामराव म्हणतात की ही कादंबरी रेंगाळते आहे आणि लेखकाला कुणी तरी लिहून कळवायला हवं.

श्रीरंग ओसरीवर बसलेला आहे. ती आत वहिनीशी काही तरी बोलते आहे, ते त्याला बाहेर ऐकू येतं. निघायची घाई मी त्याला करू देत नाही.